स्फटिकातले लोखंड आणि चिमट्यावरचे

२००५ साली आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रातील अब्राहम, फ्रँक आणि गुहा या तिघांनी एक लहानसा शोधनिबंध प्रसिद्ध केला. शीर्षक नकारार्थी होते: हाफ्नियम ऑक्साइडच्या थरांत चुंबकत्वाचा अभाव. वर्षभर आधी, २००४च्या ऑगस्टमध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील गटाने ‘नेचर’मध्ये याच पदार्थात चुंबकत्व सापडल्याचे जाहीर केले होते. बातमी चक्रावून टाकणारी होती, कारण ज्याच्या बळावर चुंबकत्व यावे असा एकही एकांडा इलेक्ट्रॉन या ऑक्साइडातल्या धातूजवळ नसतो. आयबीएमच्या तिघांनी स्वच्छ थर तयार केले, मोजले. काही हाती लागले नाही. मग त्यांनी नमुना स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने हाताळला आणि पुन्हा मोजला. चुंबकत्व आले, आणि तेही प्रसिद्ध झालेल्या आकड्यांशी मिळतेजुळते. डब्लिनच्या निष्कर्षाचे कारण चिमटाच होता असे यातून सिद्ध होत नाही. चिमट्यानेही तेवढेच चुंबकत्व येते, इतकेच सिद्ध होते. पण तेवढे पुरेसे होते.

ही हकीकत मी वर्गात पुष्कळदा सांगितली आणि मुले दर वेळी हसली. मीही हसत असे. नंतर मात्र वाटू लागले की, ही गोष्ट फार सोयीची आहे. चिमटा बाजूला ठेवता येतो, प्लॅस्टिकचा घेता येतो. ज्या स्फटिकात आपणच मुद्दाम, मोजून-मापून लोखंड घातले आहे, तिथे काय करायचे? तिथले चुंबकत्व स्फटिकाचे म्हणायचे की लोखंडाचे? २००० ते २०१० या दशकात हा प्रश्न शेकडो निबंधांच्या मुळाशी होता आणि फार थोड्यांनी तो सरळ विचारला. त्या निबंधांपैकी काही मी इथे वाचणार आहे. वाचणार म्हणजे टीकाकाराने वाचावे तसे: शीर्षक काय म्हणते, मजकूर काय म्हणतो, क्रियापद कुठे डगमगते, कोणते वाक्य कोणत्या वाक्याला झाकते. शोधनिबंध हे गद्यच आहे. त्याची चिकित्सा फक्त त्या विषयातल्या दोन निनावी परीक्षकांनी करावी असा काही दंडक नाही.

आधी त्या दशकाचे स्वप्न समजून घेतले पाहिजे. संगणकात आकडेमोड अर्धवाहकात होते आणि साठवण चुंबकात. दोन्ही कामे एकाच पदार्थात झाली तर? अर्धवाहकात मँगनीज, कोबाल्ट, लोखंड यांचे थोडे अणू विखरून टाकायचे. प्रत्येक अणू म्हणजे एक इवले होकायंत्र. आणि ही होकायंत्रे स्फटिकात फिरणाऱ्या विद्युतभारांच्या मध्यस्थीने एका दिशेला वळवायची. याला विरल चुंबकीय अर्धवाहक म्हणतात. जपानात हिदेओ ओनो यांच्या गटाने १९९६मध्ये गॅलियम आर्सेनाइडात मँगनीज घालून हे करून दाखवले, पण फक्त शून्याखाली दीडशे अंशांहून अधिक थंडीत. खोलीच्या तापमानाला ते टिकत नव्हते.

मग २०००च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’मध्ये टोमाश डिट्ल आणि सहकाऱ्यांचा सैद्धांतिक निबंध आला. त्यातल्या एका आकृतीत वेगवेगळ्या अर्धवाहकांचे अपेक्षित क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर चुंबकत्व मोडते ते तापमान, आडव्या पट्ट्यांनी दाखवले होते. दोनच पट्ट्या ३०० केल्विनची, म्हणजे खोलीच्या तापमानाची, रेघ ओलांडत होत्या: गॅलियम नायट्राइड आणि झिंक ऑक्साइड. झिंक ऑक्साइड म्हणजे जस्ताची पांढरी भुकटी, मलमात घालतात ती. स्वस्त, पारदर्शक, बिनविषारी. जगभरच्या प्रयोगशाळा त्या एका पट्टीकडे धावल्या.

त्या आकृतीखालची अट मात्र धावणाऱ्यांनी ओलांडून टाकली. पाच टक्के मँगनीज, आणि दर घन सेंटिमीटरला ३.५ × १०<sup>२०</sup> इतके धन विद्युतभार, ज्यांना ‘होल’ म्हणतात, असतील तर हे घडेल, असे डिट्ल सांगत होते. झिंक ऑक्साइड स्वभावतः ऋणभारवाही. त्यात इतके होल निर्माण करणे तेव्हा कुणाला जमले नव्हते. म्हणजे पुढच्या बहुतेक प्रयोगांत चुंबकत्व सापडले ते सिद्धांताने सांगितलेली अट पाळलीच गेली नसताना, आणि तरीही प्रस्तावनेत पहिला संदर्भ त्याच निबंधाचा. एखाद्या कवितेतली ओळ तिच्या आधीचे ‘जर’ गाळून उद्धृत करावी तसे हे झाले. या पर्वातील वाचनाचा पहिला दोष मला इथे दिसतो, आणि तो प्रयोगाचा दोष नाही.

आता लोखंड आत कसे घालतात ते. अनेक रीती आहेत. मला आयन-रोपणाबद्दल बोलायचे आहे, कारण तिच्यात लबाडीला वाव कमी आणि स्वतःची फसगत करून घ्यायला भरपूर. धातूच्या अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन काढून त्यांना आयन करायचे, लाख-दोन लाख व्होल्टच्या विभवातून पळवायचे, चुंबकाने वळवून नेमके हवे तेच आयन निवडायचे आणि तयार स्फटिकावर मारायचे. ते पृष्ठभागाखाली शंभर नॅनोमीटरच्या आसपास जाऊन थांबतात. रासायनिक अभिक्रियेची परवानगी लागत नाही. स्फटिक राजी असो-नसो, अणू आत घुसतो. किती घातले तेही मोजता येते, कारण प्रत्येक आयनाबरोबर एक भार येतो आणि वीजप्रवाह मोजला की आयन मोजले जातात. दर चौरस सेंटिमीटरला ४ × १०<sup>१६</sup> आयन ही या कामातली नेहमीची मात्रा. स्फटिकाच्या एका अणुथरात तेवढ्याच जागेत साधारण १०<sup>१५</sup> अणू असतात. म्हणजे चाळीस थर भरतील इतके लोखंड शंभर-दीडशे नॅनोमीटर जाडीच्या पट्टीत कोंबायचे.

झिंक ऑक्साइडात इतके लोखंड किंवा कोबाल्ट सुखाने राहत नाही. धातूच्या अणूला आपल्या जातीच्या शेजाऱ्याजवळ राहणे ऊर्जेच्या हिशेबाने परवडते. फक्त त्याला हलायला थोडी ऊब हवी. कढवलेले तूप निवताना रवा धरते, तसेच. इथे ऊब रोपणाच्या वेळीच दिली जाते, स्फटिक फार मोडू नये म्हणून. वर नंतर भट्टीत तापवून मोडलेल्या रांगा सांधतात, त्यालाच अ‍ॅनीलिंग म्हणायचे. गंमत अशी की जखम भरून काढणारी उष्णताच अणूंना एकत्र यायला पाय देते. स्फटिक जितका नीट बरा होतो, तितका धातूचा रवा वाढण्याची शक्यता जास्त.

हा रवा म्हणजे नॅनोस्फटिक. तीन, पाच, आठ नॅनोमीटरचा शुद्ध कोबाल्टचा किंवा लोखंडाचा गोळा, ऑक्साइडाच्या पोटात. शुद्ध कोबाल्टचे चुंबकत्व १३०० केल्विनच्या पुढेही टिकते, लोखंडाचे १०४३पर्यंत. खोलीच्या तापमानाला चुंबक हवा होता ना? घ्या. फक्त तो अर्धवाहकाचा नाही, जुन्याच धातूचा आहे.

पण इतके लहान चुंबक साध्या चुंबकासारखे वागत नाहीत, आणि सगळा घोटाळा तिथे आहे. लुई नील यांनी १९४९मध्ये याचे गणित मांडले. कणाचे चुंबकत्व स्फटिकातल्या एका सोयीच्या अक्षावर उभे राहते. उलटे व्हायचे तर मधला ऊर्जेचा उंबरठा ओलांडावा लागतो, आणि त्या उंबरठ्याची उंची कणाच्या आकारमानाच्या प्रमाणात असते. कण लहान असला की खोलीतली उष्णताच त्याला दर क्षणी उलटापालटा करते. बाहेरून पाहणाऱ्याला तो चुंबक वाटतच नाही, क्षेत्र लावले तर तेवढ्यापुरता झटकन वळतो. याला अतिअनुचुंबकत्व म्हणतात. थंड करत गेले की एका तापमानाला कण गोठतो आणि चुंबकासारखी स्मृती दाखवू लागतो. तेच त्याचे रोधन-तापमान.

कोबाल्टचा पाठ्यपुस्तकातला स्थिरांक घेऊन ढोबळ हिशेब केला तर साडेतीन नॅनोमीटरच्या कणाचे रोधन-तापमान येते ३० केल्विनच्या आसपास. पाच नॅनोमीटरचे ८५. आठ नॅनोमीटरचे ३५०. व्यास दुपटी-सव्वादुपटीने वाढला आणि तापमान दहापटीहून अधिक. कारण आकारमान घनाने वाढते. म्हणजे भट्टीत थोडे जास्त राहिलेला तुकडा आणि थोडे कमी राहिलेला तुकडा यांत एक ‘खोलीच्या तापमानाला चुंबकीय’ आणि दुसरा ‘अचुंबकीय’ ठरेल. धातू दोहोंत तोच, तेवढाच. जपानातील उएदा, ताबाता आणि कावाई यांनी २००१मध्ये कोबाल्टयुक्त झिंक ऑक्साइडात चुंबकत्व सापडल्याचे लिहिले तेव्हा प्रामाणिकपणे हेही लिहिले की, दहा टक्क्यांहून कमी नमुन्यांतच ते पुन्हा मिळते. त्यांची रीत वेगळी होती, रोपणाची नव्हती. पण हा आकडा वाचून थांबायला हवे होते, आणि पुढचे दशक थांबले नाही.

(जाता जाता: नील यांना हे गणित सुचले ते भाजलेल्या मातीच्या आणि लाव्हाच्या चुंबकत्वाचा विचार करताना. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ त्याच जातीचा. १९५६मध्ये क्लेग, डॉइश आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्टमधले चुंबकत्व मोजून भारतभूमी एकेकाळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती असे दाखवले, ते खडकातल्या लोहऑक्साइडच्या कणांनी सहा कोटींहून अधिक वर्षे दिशा धरून ठेवली म्हणूनच. कण पुरेसा मोठा असेल तर तो विसरत नाही. घाटातून जाताना मला हे कधी आठवले नाही असे होत नाही.)

आता निबंध. २००३मध्ये ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’मध्ये नॉर्टन आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. शीर्षक: कोबाल्ट रोपलेल्या झिंक ऑक्साइडातील लोहचुंबकत्व. स्फटिकात सुमारे ३५० अंश सेल्सियसला कोबाल्ट रोपला, मग ७०० अंशांवर पाच मिनिटे तापवला. ५ केल्विनला चुंबकीय स्मृतीचा वेटोळा मिळाला, खोलीच्या तापमानाला मिळाला नाही. चार अक्षांवर फिरणाऱ्या क्ष-किरण यंत्राने पाहिले तर आत कोबाल्टचे नॅनोस्फटिक होते, साडेतीन नॅनोमीटरचे, आणि ते कसेही पडलेले नव्हते तर झिंक ऑक्साइडाच्या रांगांशी आपल्या रांगा जुळवून बसले होते.

वरचा हिशेब पुन्हा पाहा: साडेतीन नॅनोमीटर, ३० केल्विन. ५ केल्विनला स्मृती हवी आणि ३००ला नको. तंतोतंत तसेच आहे. सगळे कोडे २००३मध्ये या थोड्या पानांत सुटलेले होते. लेखक स्वतःही म्हणतात की, हे गुणधर्म नॅनोस्फटिकांशी सुसंगत आहेत. मात्र लगेच पुस्ती जोडतात: जस्ताच्या जागी बसलेल्या कोबाल्टचाही काही वाटा असण्याची शक्यता यामुळे नाकारली जात नाही. तर्काने वाक्य निर्दोष आहे. कशानेच ती शक्यता नाकारली जात नव्हती. पण वाचणाऱ्याने काय उचलले? शीर्षकातले लोहचुंबकत्व आणि शेवटची शक्यता. मधला साडेतीन नॅनोमीटरचा कण, जो या निबंधाचा खरा नायक, तो पुढच्या संदर्भांत अडचणीच्या पाहुण्यासारखा राहिला. मला लेखकांना दोष द्यायचा नाही. त्यांनी जे पाहिले ते लिहिले. दोष शीर्षकाच्या निवडीचा आहे. ‘झिंक ऑक्साइडात जुळवून बसलेले कोबाल्टचे नॅनोस्फटिक’ असे शीर्षक असते तर पुढच्या पाच वर्षांचा वाचनक्रम बदलला असता.

अशा निबंधांत आणखी एक वाक्य पुनःपुन्हा भेटते: क्ष-किरण विवर्तनात दुय्यम प्रावस्था आढळली नाही. म्हणजे धातूचे रवे दिसले नाहीत. सबब चुंबकत्व अर्धवाहकाचेच. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की ते मला मंगलाचरणासारखे वाटू लागले आहे. त्यावर टीका करायला आपल्याकडे फार जुने हत्यार आहे. भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले: वस्तू आढळत नाही, यावरून तिचा अभाव कळतो. पण त्यांनी लगेच अट घातली. अनुपलब्धी योग्य हवी. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी सगळी परिस्थिती असताना ती दिसत नसेल, तरच ती नाही असे म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घटाभाव सिद्ध होत नाही.

प्रयोगशाळेतले नेहमीचे क्ष-किरण यंत्र ही या बाबतीत अंधारी खोलीच आहे. स्फटिक अर्धा मिलिमीटर जाड, रोपलेला भाग त्याच्या हजारांशाहून कमी, त्यातला धातू काही टक्के, आणि तो धातू अशा लहान कणांत वाटलेला की प्रत्येकाची विवर्तनरेषा रुंद आणि बुटकी होऊन पार्श्वभूमीत मिसळते. रवे असतानाही रेषा दिसणार नाही. तेव्हा ‘आढळली नाही’ हे यंत्राबद्दलचे विधान झाले, स्फटिकाबद्दलचे नव्हे. सिंक्रोट्रॉनच्या प्रखर किरणांत तोच तुकडा ठेवला तर रेषा उभी राहते. कोरियातील किम आणि सहकाऱ्यांनी २००३मध्येच कोबाल्टयुक्त टायटॅनियम डायऑक्साइडावर, जिथे हे सगळे २००१मध्ये मात्सुमोतो प्रभृतींच्या ‘सायन्स’मधल्या निबंधाने सुरू झाले होते, चुंबकीय क्ष-किरण शोषणाची कसोटी लावली आणि पुंजका झालेल्या कोबाल्टची ओळख पटवली. उजेड होता. सगळ्यांनी दिवा लावला नाही, एवढेच.

इथे दोन मराठी आडनावे येतात. सतीशचंद्र ओगले पूर्वी पुणे विद्यापीठात होते आणि पुढे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परतले. मधल्या वर्षांत ते अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात होते. २००३मध्ये त्यांच्या गटाने टिन ऑक्साइडात कोबाल्ट घालून प्रत्येक कोबाल्ट अणूमागे साडेसात बोर मॅग्नेटॉन इतका चुंबकीय आघूर्ण जाहीर केला, क्यूरी तापमान सुमारे ६५० केल्विन. कोबाल्ट धातूत हा आकडा अणूमागे पावणेदोनच्या आसपास असतो. एकट्या मोकळ्या कोबाल्ट आयनाच्या पदरीही इतके चुंबकत्व नसते. उरलेले शेजाऱ्यांकडून यायला हवे. धाडसी दावा होता आणि तो अजून मला पचलेला नाही. एक मात्र कबूल करावे लागते: इतका मोठा आकडा धातूच्या रव्यांनी देता येत नाही, म्हणून रव्यांचा आक्षेप त्यावर सरळ चालत नाही.

पण त्याच गटाचा २००४चा निबंध, ज्यावर पहिले नाव शिंदे यांचे आहे, मला या पर्वातला सर्वांत धीट वाटतो. तोवर विरल चुंबकाची एक निर्णायक कसोटी मानली जात होती: असंगत हॉल परिणाम. पट्टीतून वीज वाहवली असता तिच्या आडव्या दिशेला पदार्थाच्या चुंबकत्वाच्या प्रमाणात विभव निर्माण होतो. म्हणजे वाहणारे भार चुंबकत्वात सामील आहेत; रवे अलग पडलेले असते तर त्यांचा प्रवाहाशी काय संबंध? त्याच वर्षी जपानी गटाने ‘नेचर मटेरियल्स’मध्ये याच कसोटीवर कोबाल्टयुक्त टायटॅनियम डायऑक्साइड उतरवून दाखवला होता. मेरीलँडच्या गटाने त्याच जातीच्या नमुन्यात दोन्ही गोष्टी एकत्र दाखवल्या: असंगत हॉल परिणामही आहे आणि कोबाल्टचे अतिअनुचुंबकीय रवेही आहेत. म्हणजे कसोटी निर्णायक उरली नाही. स्वतः ज्या पदार्थांच्या बाजूने उभे आहोत त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा सैल करायचा, हे सोपे नसते. या निबंधाचा सूर कोरडा आहे, कुणावर दोषारोप नाही, आणि शीर्षक जे दाखवले तेवढेच सांगते: दोन गोष्टींचे एकत्र आढळणे. शीर्षक कसे असावे याचा हा नमुना म्हणून मी ठेवीन.

ड्रेस्डेनजवळच्या रोसेनडॉर्फच्या प्रयोगशाळेत मात्र या सगळ्याचा खरा हिशेब झाला, आणि तो दोन हप्त्यांत झाला. २००६मध्ये पोट्झगर आणि सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडाच्या स्फटिकांत लोखंड रोपले. ६२३ केल्विनला, ४ × १०<sup>१६</sup> मात्रेने, तर आत लोखंडाचे अतिसूक्ष्म कण झाले. सिंक्रोट्रॉन आणि मोसबाउअर वर्णपटाने ते पकडले आणि चुंबकत्व त्यांचेच असे लिहिले. दुसरा नमुना त्यांनी थंड ठेवून, २५३ केल्विनला, दहापट कमी मात्रेने रोपला. तिथे लोखंड विखुरलेले राहिले आणि निबंधाने म्हटले की, हा खोलीच्या तापमानाचा विरल चुंबकीय अर्धवाहक. एकाच निबंधात एका हाताने भ्रम दूर केला आणि दुसऱ्या हाताने जपून ठेवला.

२००८मध्ये त्याच प्रयोगशाळेतून झोउ आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. मात्रा, रोपणाचे तापमान, नंतरचे तापवणे, तिन्ही बदलत नेऊन त्यांनी लोखंडाचे तीन मुलूख आखले. थोडे लोखंड, कमी उष्णता: आयन विखुरलेले. फार उष्णता: झिंक फेराइट, जे स्वतःच चुंबकीय होऊ शकते. मधल्या पट्ट्यात धातूचे लोखंड आणि आयन शेजारी-शेजारी. लोहचुंबकत्व फक्त शेवटच्या दोहोंत मिळाले. विखुरलेल्या लोखंडाच्या मुलखात नाही. आणि विखुरलेले आयन एकमेकांशी जुळायचे तर धन विद्युतभार हवेत, ते इथे नाहीत, असेही लिहिले. डिट्लच्या आकृतीखालची अट आठ वर्षांनी वाचली गेली.

हे वाचताना मला अडखळायला झाले ते एका गोष्टीने: २००६च्या वाक्याचे काय झाले, हे मोठ्याने सांगण्याची रीत शोधनिबंधात नाही. नवा तक्ता जुन्या दाव्याच्या जागी येऊन बसतो. ‘आम्ही चुकलो’ असे पहिल्या पुरुषातले वाक्य कुणी लिहीत नाही, आणि लिहिले तर परीक्षक ते गाळायला सांगतात. परिणामी २००६चा निबंध आजही स्वतंत्रपणे उद्धृत करता येतो, जणू तो कुणी खोडलाच नाही. शास्त्र स्वतःची दुरुस्ती करते, असे आपण लेखांत लिहितो. करते, पण पुसट अक्षरात, आणि जुने पान फाडत नाही.

त्याच वर्षी त्याच गटाने कोबाल्ट आणि निकेलवर लिहिलेला निबंध मला त्याहूनही जास्त आवडतो. ‘फिजिकल रिव्ह्यू बी’मधला. शीर्षकात लोहचुंबकत्व नाही, विरल चुंबक नाही. आहे ते रोपण आणि नंतरच्या तापवण्याने झिंक ऑक्साइडात तयार झालेले, दिशा धरून बसलेले कोबाल्ट आणि निकेलचे नॅनोस्फटिक. रोपण होताच, भट्टीत घालण्यापूर्वीच, रवे तयार झालेले असतात असे त्यात दाखवले आहे. तापवून त्यांचे रोधन-तापमान आणि चुंबकत्वाची आवडती दिशा बदलता येते. निकेलच्या बाबतीत ती दिशा स्फटिकाच्या ताणातून कशी येत असावी याचीही चर्चा आहे. गद्य रुक्ष आहे. पण पाच वर्षे ज्याला दुय्यम प्रावस्था म्हणून हिणवले, त्याच्याकडे इथे कुणीतरी प्रथमच विषय म्हणून पाहिले.

‘दुय्यम’ हा शब्दच चुकीचा होता, असे माझे मत आहे. जे चुंबकत्व मोजले जात होते त्याचा सगळा नाहीतर बहुतेक भाग ज्याचा, तो दुय्यम कसा? प्राथमिक होती ती आशा. खुद्द डिट्ल यांनी २०१०मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये दहा वर्षांचा आढावा घेताना ही गोष्ट मान्य केली की, उच्च तापमानाचे चुंबकत्व बहुधा चुंबकीय अणूंच्या असमान वाटणीतून येते, आणि २०१५मध्ये सहकाऱ्यांसह या असमान वाटणीवरच एक विस्तृत परीक्षणलेख लिहिला. ज्याने स्वप्न दाखवले त्यानेच ते नव्याने वाचले, याला माझ्या लेखी किंमत आहे. मात्र त्या लेखनात आता सूर असा लागतो की, रवे हेच वरदान, त्यांचा वापर करू. इथेही मला घाई दिसते. रोपणाने झालेले कण एका मापाचे नसतात. काही तीन नॅनोमीटरचे, काही सात, काही नऊ. आकारमान घनाने वाढते हे वर पाहिलेच. तेव्हा प्रत्येक कण वेगळ्या तापमानाला गोठणार, आणि एकाच तुकड्यात काही कण लक्षात ठेवणार, काही विसरणार. माप आवरता येईपर्यंत उपयोगाची भाषा उसनी आहे.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो एका विद्यार्थिनीमुळे. तालुक्याच्या गावातल्या आमच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. करून ती पुढे एका प्रयोगशाळेत, नाव सांगत नाही, पीएच.डी.साठी रुजू झाली. ऑक्साइडात कोबाल्ट, हाच विषय. दिवाळीत घरी आली की फराळाच्या ताटाशेजारी आलेखांचे कागद पसरायची. एके वर्षी म्हणाली, “सर, अकरा नमुने केले. तीनच चुंबकीय निघाले. गाईड म्हणतात तीन लिहा, आठ बिघडले असं समजा.” मी विचारले, “आठांत आणि तिनांत फरक काय?” ती म्हणाली, “तीन भट्टीत जास्त वेळ होते. त्या दिवशी लाइट उशिरा गेली.”

मी तिला शिक्षकाच्या थाटात काही सांगितले नाही. कागदावर वरचा ढोबळ हिशेब मांडला: साडेतीन, पाच, आठ. ती बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले की, न तापवता आधी थंड करून, मग अगदी थोडे क्षेत्र लावून, हळूहळू वर नेत मोजले तर आठही नमुन्यांत शिखर दिसेल ना, प्रत्येकाचे वेगळ्या तापमानाला? दिसायला हवे, मी म्हणालो.

तिला त्या मोजणीसाठी दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर सहा महिने वाट पाहावी लागली आणि शिष्यवृत्तीची मुदत दरम्यान संपली. शिखरे दिसली, आठांपैकी सातांत. प्रबंधात तिने अकराही नमुन्यांचा तक्ता घातला, प्रत्येकापुढे भट्टीतली मिनिटे लिहिली, आणि शीर्षकातला ‘विरल’ हा शब्द काढून टाकला. निबंध म्हणून तो तक्ता अजून कुठे छापून आलेला नाही. आठव्या नमुन्यात शिखर का नाही, हे ती अजून शोधते आहे. तिला संशय आहे की तिथे कोबाल्ट खरोखर विखुरलेला राहिला असावा.